उद्यमबागेतल्या प्रेसवर धातुरूप हायड्रोजन होत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या रॉकेटवेड्या मुलांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय. हार्वर्ड विद्यापीठाने धातुरूप हायड्रोजन, म्हणजे प्रचंड दाबाखाली धातूसारखा झालेला हायड्रोजन, बनवला, दाब काढला तरी तो तसाच राहतो, रॉकेटला आजच्या इंधनाच्या चौपट जोर देतो, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या हायड्रॉलिक प्रेसवरही तो करता येईल आणि जळून नुसतं पाणी होतं म्हणून धोका नाही, असं त्यात म्हटलंय. दोन ठिकाणी खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच तो मुलांना पटतो.

विग्नर आणि हंटिंग्टन या शास्त्रज्ञांनी 1935 सालीच अशा धातूचं भाकीत केलं होतं. जानेवारी 2017 मध्ये हार्वर्डच्या डियास आणि सिल्वेरा यांनी 495 गिगापास्कल दाबाखाली, म्हणजे वातावरणाच्या जवळपास पन्नास लाख पट दाबाखाली, तो मिळाल्याचा दावा केला. नमुना केसाच्या जाडीपेक्षाही लहान, दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये धरलेला. इतर तज्ज्ञांनी लगेच शंका घेतल्या. पुढच्याच महिन्यात हिरा फुटला आणि नमुना गेला. 2020 मध्ये फ्रेंच संशोधकांनी 425 गिगापास्कलजवळ धातूची लक्षणं नोंदवली, तीही दाबाखालीच.

‘दाब काढला तरी राहतो’ हे मात्र आजवर कुणीही दाखवलेलं नाही. इंधन म्हटलं की ते टाकीत राहायला हवं. त्यामुळे पहिली चाचणी इंजिनाची नाहीच. दाब उतरवून धातू उरतो का, हे पाहण्याची आहे.

आता प्रेस. शंभर टनी प्रेसचा सगळा जोर एक चौरस सेंटिमीटरवर आणला तरी दाब सुमारे 10 गिगापास्कल होतो, हार्वर्डच्या आकड्याच्या पन्नासावा हिस्सा. एवढ्यानेही कठीण कार्बाइडचा डाय (साचा) फुटायची वेळ येते. उद्यमबागेतले आपले कारागीर अव्वल आहेत, पण हे काम त्या यंत्राचं नाही.

चौपट जोराचा आकडा कागदावरचा आहे. विशिष्ट आवेग, म्हणजे तेवढ्याच इंधनातून किती जोर मिळतो याचं माप, 1700 सेकंद धरतात. आजच्या द्रव हायड्रोजन-ऑक्सिजन इंजिनांचा साधारण 450. पण त्यासाठी ज्वलनकक्षात 6000 केल्विनच्या वर तापमान जातं आणि टंगस्टनसुद्धा 3422 अंश सेल्सिअसला वितळतो. थंड करायला द्रव हायड्रोजन मिसळला की आवेग हजार-अकराशेवर येतो. उणे 253 अंशांचा तो द्रव कुठला हौशी गट हाताळणार?

पाण्याची गोष्ट तर उलटीच आहे. इथे ऊर्जा जळण्यातून येत नाही, सुटे अणू जुळून रेणू होण्यातून येते: किलोला 216 मेगाज्यूल. एका ग्रॅमची ऊर्जा सुमारे 50 ग्रॅम टीएनटीएवढी. धातू अस्थिर निघाला तर ती एकदम सुटेल.

मला खरी भीती वेगळीच वाटते. धातू मुलांच्या हाती येणारच नाही; या मेसेजच्या नादाने ती साधा हायड्रोजन बाटल्यांत भरू लागतील. हवेत 4 ते 75 टक्के प्रमाणात तो पेटतो, अगदी क्षीण ठिणगीही पुरते, आणि ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. दाबाखालचा वायू सिलिंडरमध्ये भरायला 2016 च्या गॅस सिलिंडर नियमांनुसार परवाना लागतो, आणि तो देणाऱ्या ‘पेसो’चं, म्हणजे स्फोटकं आणि गॅस सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, मुख्यालय नागपुरात आहे. शिक्षकांनी हे वर्गात सांगावं. जोर मोजायची हौस असेल तर सायकलच्या पंपाने उडणारं पाण्याचं रॉकेट मोकळ्या मैदानात, मोठ्यांच्या देखरेखीखाली उडवावं; पाणी किती भरलं की ते किती उंच जातं, याची वहीत नोंद करायला मुलांना भरपूर काम आहे.