सहारा, अठरा-सेहेचाळीस आणि अण्णा

काल कट्ट्यावर अण्णाने टेकायच्या आधीच जाहीर करून टाकलं, संपला पश्चिम सहाराचा (सहारावी लोकांचा मुलूख, बराचसा मोरोक्कोच्या ताब्यात) विषय, युनोच्या सुरक्षा परिषदेत मोरोक्कोच्या स्वायत्तता प्लॅनच्या, म्हणजे मुलूख मोरोक्कोतच पण स्थानिक कारभार तिथल्यांचा, याच्या बाजूने ११ मतं, विरोधात एक नाही. अण्णाचं खताचं दुकान, त्याला मोरोक्को म्हटलं की अठरा-सेहेचाळीसच्या, म्हणजे डीएपी खताच्या, गोण्याच दिसतात. "देश शांत, खताची बोट टायमात, लोक खूष. अजून काय?"

बापू शेंगा फोडत होता. "लोक खूष आहेत हे तुला सांगितलं कुणी? १९९१ ला, स्वतंत्र व्हायचं की मोरोक्कोत राहायचं याचं सार्वमत घेतो म्हणून युनो तिथं गेली, ते सार्वमत अजून व्हायचंय. अन् बाहेरचा पत्रकार तिथल्या अल-अयुन शहरात विचारपूस करायला लागला की त्याला उचलून परत पाठवतात."

"बाहेरचे येऊन भडकवतात रे!"

"मग तिथलाच घे. मोहम्मद लामिन हद्दी. २०१० मध्ये ग्दैम इझीकची सहारावी आंदोलकांची तंबूंची छावणी मोडली तेव्हा बातम्या देत होता, २५ वर्षं ठोकली."

"पोलीस मेले ते?"

"मेले, वाईटच झालं. पण जबाब मारून घेतले असं आरोपी म्हणतायत आणि पहिला खटला लष्करी कोर्टात, हा कुठला न्याय?"

सुन्या मधेच म्हणाला, आपणच १९८५ ला सहारावींच्या देशाला मान्यता दिली होती आणि २००० साली काढून घेतली. मला हे खरंच लागलं, कारण तिथलं फॉस्फेट, म्हणजे खताचा कच्चा दगड, आपल्या खत कारखान्यांतही आलंय, म्हणजे आपल्या उसापर्यंत पोचलंय.

बापू म्हणाला, "बू क्राच्या फॉस्फेट खाणीपासनं समुद्रापर्यंत दगड वाहणारा जवळपास १०० किलोमीटरचा पट्टा टाकलाय. दगड बाहेर येतो, बातमी येत नाही."

अण्णा चिडला, "तुला रे काय करायचंय त्या वाळवंटाचं?"

"तुझं अन् त्या राजाचं एकच आहे म्हणून बोलतोय. गेल्या खरिपात लिंकिंगची, म्हणजे खताबरोबर नको तो माल गळ्यात मारण्याची, बातमी करायला वार्ताहर आला, त्याला पायरीवरनं हाकललास का नाही? अन् मला १३५० च्या गोणीबरोबर ती नॅनो खताची बाटली गळ्यात मारलीस, अजून गोठ्यात पडलीय, झाकण पण काढलं नाही."

"वरनंच माल तसा येतो," असं काहीतरी पुटपुटत अण्णाने विषय बदलायला सगळ्यांचा चहा सांगितला. चहा आला तर सुन्या ग्लासच धरेना.

"आधी सांग अण्णा, याच्याबरोबर बाटली घ्यावी लागंल का?"

बापूला असा ठसका लागला की शेंगा पार रस्त्यावर.