‘फुकट दिलं की माणूस बिघडतो’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

‘मदत करून तुम्ही माणसाला पांगळं करताय’ अशा ओळीने सुरू होणारा एक संदेश दर महिन्या-दोन महिन्यांनी फिरून येतो. पाठवणारे बहुतेक सज्जन असतात, म्हणून आजवर गप्प बसलो. संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं: फुकट मिळालं की माणूस काम सोडतो. रोख दिली की ती दारूत जाते. बेघराने आधी व्यसन सोडावं, मग छप्पर मागावं. द्यायचंच तर कर्ज द्या. संस्थांचा पैसा पगारात जिरतो. आणि ज्याला उठायचं असतं तो आपणहून उठतोच. तोंडी लावायला तो मासाही आहे: मासा देऊ नका, मासे पकडायला शिकवा.

माशापासूनच सुरुवात करू, कारण सगळा गोंधळ तिथे आहे.

शिकवा, हे बरोबरच आहे. पण शिकून होईपर्यंत घरात खायचं काय? गळ आणि जाळं कुठून आणायचं? बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने २००२ साली अतिगरीब बायकांसाठी जी योजना सुरू केली, तिची रचनाच या प्रश्नांवर उभी आहे. गाय किंवा शेळ्यांसारखं उत्पन्नाचं साधन द्यायचं, पण ते विकून खायची वेळ येऊ नये म्हणून सुरुवातीचे काही महिने घरखर्चाला थोडी रक्कमही द्यायची. सोबत प्रशिक्षण, बचतीची सवय, दुखण्याखुपण्यात मदत आणि सुमारे दोन वर्षं नियमाने दारात येणारा कार्यकर्ता. म्हणजे मासा, गळ आणि शिकवणी, तिन्ही एकदम. संदेश ज्यांना एकमेकांचे शत्रू ठरवतो, त्या गोष्टी इथे एकाच पिशवीत आहेत.

हा नमुना इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू अशा सहा देशांत तपासला गेला. साडेदहा हजारांच्या आसपास कुटुंबं होती. मदत कोणाला मिळणार हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं होतं, त्यामुळे ‘मुळातच होतकरू लोक निवडले असतील’ ही शंका उरत नाही. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मदत थांबल्यावर वर्षभरानेही या कुटुंबांचा खाण्यापिण्यावरचा खर्च, मालमत्ता आणि उत्पन्न इतरांपेक्षा जास्त होतं. वाढ डोळे दिपवणारी नव्हती, पण ती टिकली होती. पश्चिम बंगालमधल्या कुटुंबांकडे संशोधक दहा वर्षांनी पुन्हा गेले, तेव्हाही फरक शाबूत होता.

घानामध्ये काही कुटुंबांना नुसत्या शेळ्या दिल्या होत्या, बाकी काही नाही. तिथे टिकाऊ फरक दिसला नाही. होंडुरासचा अनुभव तर अवघडल्यासारखा आहे: तिथे बऱ्याच जणींना कोंबड्या दिल्या आणि त्यातल्या पुष्कळशा रोगाने मेल्या. संदेश लिहिणाऱ्याला ही गोष्ट कळली तर तो आनंदाने जोडून टाकेल. पण ती मदतीविरुद्धचा पुरावा नाही. चुकीच्या कोंबडीविरुद्धचा आहे.

आता ‘माणूस काम सोडतो’. गरिबांना थेट पैसे देणाऱ्या सरकारी योजनांच्या सहा देशांतल्या सात चाचण्यांची आकडेवारी २०१७ मध्ये एकत्र तपासली गेली. लोकांनी काम कमी केल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. ब्रॅकच्या बाबतीत तर उलटंच घडलं. त्या बायका आधी शेतमजुरी आणि लोकांच्या घरची धुणीभांडी करत होत्या, तीही हंगाम असेल आणि कोणी बोलावलं तर. उरलेले दिवस रिकामे जात ते आळसाने नव्हे, काम नव्हतं म्हणून. दारात गाय बांधली गेल्यावर त्यांच्या कामाचे तास वाढले. फुकट मिळालेल्या वस्तूने त्यांना अधिक काम दिलं, हे वाक्य संदेशाच्या तर्कात कुठेच बसत नाही.

दारूबद्दल. हा मुद्दा सगळ्यांना मनापासून पटतो, कारण प्रत्येकाने एक तरी असा माणूस पाहिलेला असतो. मीही पाहिलाय. पण एक माणूस पाहणं आणि हजारोंचा हिशोब मांडणं यांत फरक आहे. तो हिशोब जागतिक बँकेतल्या दोन अभ्यासकांनी १९ अभ्यास एकत्र करून मांडला. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं निघालं नाही, काही ठिकाणी तो घटला. कॅनडात व्हँकुव्हरमधल्या एका धर्मादाय संस्थेने २०१८ मध्ये ५० बेघर माणसांना प्रत्येकी ७,५०० कॅनेडियन डॉलर एकरकमी दिले, अटी न घालता. वर्षभराच्या हिशोबात, पैसे न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचे सरासरी ९९ दिवस बेघरपणातून वाचले. दारू आणि नशेवरचा खर्च वाढला नाही. निवारागृहातल्या मुक्कामाचा जो खर्च वाचला तो दिलेल्या रकमेपेक्षा थोडा जास्तच भरला.

इथे एक गोष्ट लपवणं बरं नाही. त्या प्रयोगात गंभीर व्यसन किंवा तीव्र मानसिक आजार असलेल्यांना घेतलंच नव्हतं. म्हणून ‘प्रत्येक बेघराच्या हातात रोख ठेवा’ असा अर्थ यातून निघत नाही, आणि तसा काढणारा दुसरा संदेशही उद्या फिरेल याची मला खात्री आहे.

ज्यांना तिथे घेतलं नव्हतं त्यांचं काय? ‘आधी व्यसन सोड, मग छप्पर’ हा नियम संदेशात फार कडक आवाजात सांगितलाय. अनेक निवारागृहांनी तो वर्षानुवर्षं चालवला. रात्री कुठे झोपायचं याची शाश्वती नसलेल्या माणसाने गोळ्या वेळेवर घ्यायच्या, उपचाराच्या तारखा पाळायच्या आणि दारूही सोडायची! ज्यांच्या डोक्यावर छप्पर आहे त्यांनाही हे झेपत नाही. मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हा क्रम फिरवला. किल्ली आधी, उपचार नंतर, आणि तेही त्या माणसाच्या संमतीने. कॅनडाने पुढे २००९ ते २०१३ दरम्यान पाच शहरांत, मानसिक आजार असलेल्या सुमारे दोन हजार बेघरांसोबत हे करून पाहिलं. शेवटच्या सहा महिन्यांत, आधी घर मिळालेल्यांपैकी ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात राहिले. नेहमीच्या व्यवस्थेत हे प्रमाण ३१ टक्के होतं. व्यसन मात्र केवळ घर मिळाल्याने इतरांपेक्षा जास्त सुटलं नाही. पण घर टिकवायला आधी व्यसन सुटावंच लागतं हा दावा तर खोटा ठरला.

‘दान नको, कर्ज द्या’ हे थोडक्यात आटपतो. सूक्ष्म कर्जाचा, म्हणजे गरिबांना धंद्यासाठी दिलेल्या छोट्या कर्जाचा, बोलबाला २००६ मध्ये मुहम्मद युनूस आणि त्यांच्या ग्रामीण बँकेला त्यासाठी नोबेल शांतता पुरस्कार मिळाल्यावर आकाशाला भिडला होता. २०१५ मध्ये बोस्निया ते मोरोक्को अशा सहा देशांतल्या चाचण्या एकत्र छापून आल्या. काहींना कर्जामुळे धंद्यात मोकळीक मिळाली, पण सर्वसाधारण कर्जदाराचं आयुष्य पालटल्याचं दिसलं नाही. अगदी तळातल्या कुटुंबाला हप्ता ही आणखी एक काळजी असते. ज्याचा पाय जमिनीला लागलाय त्याच्यासाठी कर्ज चांगलंच.

पगाराच्या मुद्द्यात तथ्याचा एक कण आहे. लबाड संस्था असतात. आणि प्रामाणिक संस्थाही चुकतात: पोरांना तुरुंग दाखवून, कैद्यांकडून दरडावून गुन्ह्यापासून परावृत्त करण्याचा कार्यक्रम अमेरिकेत फार गाजला होता. नीट तपासल्यावर दिसलं की अशा पोरांकडून पुढे गुन्हे कमी नव्हे, जास्त होत होते. तेव्हा देण्याआधी प्रश्न विचारावेत, हिशोब मागावा. पण ‘पगारावर किती’ हा त्यातला सर्वांत निरुपयोगी प्रश्न आहे. लायबेरियाची राजधानी मोनरोव्हिया इथे गुन्हेगारीत अडकलेल्या ९९९ तरुणांवर एक प्रयोग झाला. काहींना आठ आठवड्यांचं समुपदेशन, काहींना २०० डॉलर, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. नुसत्या पैशाचा किंवा नुसत्या बोलण्याचा परिणाम ओसरत गेला. दोन्ही मिळालेल्यांमध्ये दहा वर्षांनंतरही चोरी-मारामारीचं प्रमाण सुमारे निम्मं होतं. ते बोलणारे समुपदेशक, त्यातले काही स्वतः त्याच रस्त्यांवरून आलेले, हिशोबाच्या वहीत ‘पगार’ याच रकान्यात बसतात. ब्रॅकचा दारात येणारा कार्यकर्ताही तिथेच. तो रकाना शून्यावर आणला की उरतात त्या घानाच्या नुसत्या शेळ्या. संस्थेला विचारायचं तर हे विचारा: तुमची मदत थांबून वर्ष झालेली माणसं आज कशी आहेत, आणि ते तुम्हाला कसं कळलं?

राहिलं ते शेवटचं वाक्य, ‘ज्याला उठायचं असतं तो उठतोच’. ब्रॅकच्याच कुटुंबांच्या आकडेवारीचा एक अभ्यास २०२२ मध्ये आला. साधन सगळ्यांना साधारण सारख्याच किमतीचं मिळालं होतं. पण ज्यांच्याकडे आधीपासून थोडं काही होतं त्या बायका मदतीनंतर एका ठरावीक रेषेच्या वर गेल्या आणि पुढे स्वबळावर चढत राहिल्या. ज्यांच्याकडे तेवढंही नव्हतं त्या रेषेच्या जरा खाली राहिल्या आणि पुन्हा घसरू लागल्या. ती रेषा इच्छाशक्तीची नव्हती. गायीसोबत गाडी, गोठा किंवा अवजारासारखी आणखी एखादी वस्तू घरात आहे की नाही, एवढ्यावर ती ओलांडली जात होती.