"कोड आला, सेन्सर बदला, विषय संपला" म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

ट्रॅक्शन कंट्रोलच्या (चाक घसरायला लागलं की आवरणारी सिस्टीम) डॅशबोर्डवरच्या दिव्यावर मी लेख लिहिला, त्याखाली एका वाचकांची प्रतिक्रिया आलीये, ती आधी जशीच्या तशी देतो: "एवढं पाल्हाळ कशाला? कोड आला, सेन्सर बदला, विषय संपला. स्वतःला मेकॅनिक समजून लोकांना गाडीखाली झोपवू नका. कुठूनतरी कॉपी पेस्ट केलेलं दिसतंय, फोटो पण धड नाहीत."

साहेब, मुद्दा खोडा ना, जरूर खोडा, पण ही बोलायची कुठली पद्धत? मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही मला ओळखत नाही, आणि पहिल्याच वाक्यात पाल्हाळ म्हणून मोकळे. रात्री जेवण झाल्यावर बसून लिहितो मी हे, कोणी पैसे देत नाही. माझ्या वडिलांचं कराडला गॅरेज होतं, शाळा सुटली की दप्तर टाकून मी तिथंच असायचो, बेअरिंग प्रेसवर कसं बसवतात ते मी गणिताच्या पाढ्यांआधी शिकलो. त्यामुळे "स्वतःला मेकॅनिक समजून" हे वाक्य मला लागलं, ते लपवत नाही.

एक गोष्ट तुमची मान्य. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नये, खाली स्टँड हवाच. ही ओळ माझ्या लेखात शेवटी होती, ती आता सगळ्यात वर घेतलीये. झालं?

आता तुमचं ते "कोड आला, सेन्सर बदला". मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा आलाय, कारण हेच ऐकून लोकांचे पैसे जातात. ट्रॅक्शन कंट्रोलला प्रत्येक चाक किती वेगात फिरतंय ते त्या चाकाचा स्पीड सेन्सर सांगतो, तो सिग्नल बिघडला की दिवा लागतो. समजा स्कॅनरवर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) सी0035 आला, म्हणजे डाव्या पुढच्या चाकाच्या स्पीड सेन्सरचं सर्किट. सर्किट! तो कोड एवढंच सांगतो की त्या चाकाकडून सिग्नल नीट येत नाही. समोरच्याचा फोन लागत नाही म्हणून त्याचा हँडसेटच गेला असं आपण धरतो का? सेन्सर मेला असेल, किंवा वायर मडगार्डच्या आत घासून तुटली असेल, कपलरमध्ये (वायर जोडायचा प्लग) पाणी जाऊन पिना हिरव्या पडल्या असतील, उंदराने वायर कुरतडली असेल (आपल्याकडे पार्किंगमध्ये हे किती होतं ते कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा), नाहीतर सेन्सरच्या बुडाखाली गंज धरून तो चाकासोबत फिरणाऱ्या, ज्यावरून तो वेग वाचतो त्या रिंगपासून जरासा वर उचलला गेला असेल. पहिलं कारण सोडलं तर यातल्या कशालाच नवीन सेन्सर लागत नाही.

आणि बेअरिंग. आजकाल बऱ्याच गाड्यांत एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम, तीही हेच सेन्सर वापरते) दात्यांची रिंग वेगळी नसतेच, बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. घाईत बेअरिंग उलटं ठोकलं की चाक मस्त फिरतं, आवाज नाही काही नाही, पण सेन्सरला काही दिसत नाही आणि दिवा लागतो. माझ्या स्वतःच्या गाडीत हेच झालेलं. कुंभार्ली घाटातून चिपळूणला जाऊन आलो, दिवा लागला, एका वर्कशॉपने तुमच्यासारखंच कोड बघून सेन्सर बदलला, बिल घेतलं, आणि गेटबाहेर पडेपर्यंत दिवा परत. त्याआधी काही दिवसच त्या चाकाचं बेअरिंग बदललेलं होतं, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. बेअरिंग काढून सरळ बसवलं तेव्हा दिवा गेला, जुना सेन्सर परत लावून बघितला तर तोही ठणठणीत. म्हणून मी लिहितो की आधी विचारा, दिवा लागायच्या आधी गाडीत काय काम झालं होतं.

म्हणूनच लेखात लाइव्ह डेटावर, म्हणजे गाडी चालू असताना स्कॅनरवर दिसणाऱ्या आकड्यांवर, एवढं लिहिलंय, ते पाल्हाळ नाही. सरळ मोकळ्या रस्त्यावर 20-30 च्या स्पीडने गाडी चालवायची, शेजारच्या माणसाने चारही चाकांचे आकडे बघायचे, तीन चाकं 25 दाखवतायत आणि एक शून्य किंवा मधेच गचके खातंय तर ते चाक पकडायचं. मोबाईलला जोडायचा स्वस्तातला स्कॅनर, म्हणजे ब्लूटूथ डोंगल, बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतं, एबीएसच्या मॉड्यूलपर्यंत पोचतच नाही, मग लोक म्हणतात कोडच नाही. आणि नवीन प्रकारच्या सेन्सरला मल्टीमीटरने ओहम मोजून काही कळत नाही, ती तपासणी जुन्या दोन वायरींच्या कॉइलवाल्या सेन्सरची. लेखात हे सगळं आहे. वाचलं असतं तर "विषय संपला" लिहिलं नसतं तुम्ही.

ब्रेक स्विच, स्टिअरिंग किती वळलंय ते मोजणारा स्टिअरिंग अँगल सेन्सर, बॅटरी काढून लावल्यावर लागणारा दिवा जो कधी कधी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून थोडं चालवलं की जातो, यातल्या कशासाठीही कोणी चाकाचा स्पीड सेन्सर विकत घेऊ नये. पण याबद्दल तुम्ही चकार शब्द काढलेला नाही.

फोटोंचं काय, पावसात मोबाईलवर काढलेत, तसेच राहतील. कॉपी पेस्टचं मात्र सोडणार नाही. कुठून कॉपी केलंय ती लिंक द्या, नसेल तर शब्द मागे घ्या.

बाकीच्या वाचकांसाठी, कारण काल दोघांनी हेच विचारलं: दिवा घसरताना लुकलुकला तर सिस्टीम काम करतेय, काही करू नका. सतत पेटलेला असेल आणि सोबत एबीएसचा पण असेल तर साधा ब्रेक लागतो, पण ओल्या रस्त्यावर चाक लॉक होऊ शकतं, अंतर ठेवून चालवा. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी बाजूला घ्या, पुढे नेऊ नका. आणि माझ्याकडून मदत हवी असेल तर गाडीचं मॉडेल, कोडचा पूर्ण नंबर आणि आधी काय काम झालं होतं एवढं खाली लिहा, प्रतिक्रिया देणाऱ्या साहेबांनी पण.