‘क्लिक लावला की लोकगीत मेलं’ : प्रतिक्रियेला उत्तर

ठाणेकर रसिक महोदय,

शाहिरी सोडून स्वतःच निर्माता-संगीतकार होणाऱ्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही पाच वाक्यं लिहिलीत. त्यांत ‘दुकान’ हा शब्द दोनदा आलाय. मुद्दा असेल तर कुचेष्टा लागत नाही हो.

एक चूक कबूल. ढोलकीपासून माइक ‘सहा फूट’ छापलं गेलं, ‘सहा इंच’ हवं होतं. दुरुस्त केलंय.

आता ‘क्लिक लावला की लोकगीत मेलं’ या वाक्याकडे वळतो. क्लिक म्हणजे ध्वनिमुद्रण करताना कानात ठरावीक लयीत वाजणारी टिकटिक. अठरा वर्षं शाहिरामागे झील ओढलीय, म्हणजे साथीला सूर धरलाय, पोवाड्याची लय चढत जाते हे मला शिकवू नका. आधी क्लिक लावून शाहिराला त्यावर उभं केलं तर गाणं मरणारच. पण तसं करा असं मी लिहिलंय कुठे? लेखातला क्रम उलटा आहे. पहिल्यांदा गळा आणि तुणतुणं, क्लिक बंद. मग त्या टेकमध्ये दर आठ मात्रांनी समेवर खूण करायची आणि सॉफ्टवेअरचा टेम्पो त्या खुणांप्रमाणे वळवायचा. मिनिटाला 92 मात्रांवर उचललेला पोवाडा चौथ्या चौकात (कडव्यात) 100 वर गेला, तर क्लिकही 100 वर जातो. ढोलकी, हलगी त्यानंतर. दर मात्रेला मात्र खूण करू नये. आपल्या बोटाचा थरथराट टेम्पोत उतरतो आणि ढोलकीवाला अडखळतो. मधल्या गद्याला क्लिक बंदच.

गाणं मरतं ते झिलीत. एकाच माणसाकडून ‘जी जी रं जी’ तीनदा म्हणवून ग्रिडला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेघांना, चिकटवलं की शाळेतली प्रार्थना ऐकू येते. तिघांना एकाच माइकभोवती उभं करा, सगळ्यांत खड्या आवाजाच्या गड्याला एक पाऊल मागे. ते केसभर उशिरा येतात. येऊ द्या! सूर सुधारणारं प्लगइन बाराही स्वरांवर मोकळं सोडलं की मींड जिना चढल्यासारखी पायरी-पायरीने चढते, हेही गायलेल्या कानालाच आधी खटकतं. संगणकासमोर गाणारा माणूस बसायला हवा तो यासाठी, ‘दुकानासाठी’ नव्हे.

‘गडकरी रंगायतनात ऐका, मग कळेल’ म्हणालात. तिथेही माइक आणि स्पीकरमधूनच ऐकता ना?

‘पैसे कंपनीच खाणार’ याला दोन ओळी पुरेत. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटीशिवाय कुणाच्या नावे करता येत नाही. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व घ्या. आणि ध्वनिमुद्रणाचा कर्ता कायद्याने निर्माता असतो, म्हणजे स्वतः निर्मिती केली की तोही हक्क घरातच राहतो.

मी जिथे रेकॉर्डिंग करतो त्या कळव्याच्या खोलीवरचा टोमणा पोचला. लोकलची घरघर 80 हर्ट्झच्या हाय-पासने, म्हणजे त्याखालचा आवाज कापणाऱ्या फिल्टरने, बरीचशी जाते. हॉर्न जात नाही, म्हणून गळ्याचे टेक शेवटच्या गाडीनंतर.

राहिलं ‘ढोलकीला घुमाराच नाही’. गाणं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकल्याचं तुम्हीच लिहिलंय. त्या स्पीकरमधून खालचा आवाज जेमतेम निघतो. हेडफोन लावून ऐका, मग शिव्या घाला.