‘संशोधनाने सिद्ध झालंय’ म्हणे! कुणाच्या?

गणेश चवथीच्या सुट्टीत वाळपईहून धाकट्या बहिणीचा फोन आला. “ताई, पुढच्या वर्षी त्याला मराठी शाळेतून काढते. आणि घरी मराठी बोलणं तर मी आत्तापासूनच बंद केलंय.” भाचा दुसरीत आहे. कारण विचारलं, तर तिने एक मेसेज पाठवला. त्या आठवड्यात तो माझ्याकडे तिसऱ्यांदा आला होता. आधीच्या दोन वेळा मी तो न बोलता सोडून दिला, ही माझी चूक झाली.

मेसेजचं म्हणणं असं: इंग्रजी माध्यमाच्या मुलांना दहावीत जास्त गुण पडतात, हे संशोधनाने सिद्ध झालंय. गावातल्या मराठी प्राथमिक शाळा किती खालावल्यात, ते त्यांच्या निकालांवरून कळतं. आणि घरी मातृभाषा बोलल्याने मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो, म्हणून घरीही इंग्रजीच बोला. हे संशोधन कुणी केलं, कधी, किती मुलांवर, याबद्दल एक अक्षर नाही.

मी हायस्कूलात गणित शिकवते. दहावीचे निकाल दरवर्षी हातात येतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते. आपल्याकडे गोव्यात मराठी किंवा कोकणी माध्यम असतं ते चौथीपर्यंत. पाचवीपासून जवळपास सगळीच मुलं इंग्रजीतून शिकतात आणि दहावीचा पेपरही इंग्रजीतूनच लिहितात. हायस्कूलाचा निकाल लागतो, त्यात कुठलं मूल चौथीपर्यंत कोणत्या माध्यमात होतं ते दिसत नाही. मग ही तुलना केली कशावरून?

बरं, प्रत्येक मुलाची प्राथमिक शाळा कुणी शोधून काढली आणि फरक खरंच दिसला, असं धरू. तो फरक माध्यमाचा हे कशावरून? एका मुलाचे आईबाप दोघेही पदवीधर, घरात पुस्तकं, संध्याकाळी ट्यूशन. दुसऱ्याची आई दिवसभर काजूच्या बागेत, घरी अभ्यास बघायला कोणी नाही. ही दोन मुलं वेगवेगळ्या शाळांत का गेली, त्याचं कारण त्यांच्या घरातच आहे. तेच घर गुणांतही उतरतं, आणि श्रेय मात्र माध्यमाला जातं.

घर आणि शाळा यांचा परिणाम वेगळा काढायचा कसा, हे पाहायचं असेल तर कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांचा आंध्र प्रदेशातला प्रयोग बघा. तो २०१५ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये छापून आला. १८० गावं. सरकारी शाळेतल्या मुलांच्या पालकांनी खाजगी शाळेसाठी अर्ज केले आणि अर्जदारांतून लॉटरीने मुलं निवडली. ज्यांचं नाव आलं त्यांची फी भरली गेली. पालकांची हौस दोन्हीकडे सारखीच, फरक फक्त नशिबाचा. म्हणून पुढे जो फरक पडेल तो शाळेचा, असं म्हणता येतं. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोन्ही गट सारखेच निघाले. हिंदीत मात्र खाजगीत गेलेली मुलं पुढे होती. खाजगी शाळांनी हे सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी खर्चात केलं, हेही त्याच अभ्यासात आहे आणि मी ते लपवणार नाही. तेलुगू माध्यमातून इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांना त्या बदलाचा तोटा झाला असावा, अशी चिन्हंही त्यांना दिसली. पण माध्यम लॉटरीने ठरलेलं नव्हतं, म्हणून हा भाग पहिल्याइतका पक्का नाही. निष्कर्ष काढताना हात इतका आखडता घ्यावा लागतो. आंध्रातलं जसंच्या तसं आपल्या सत्तरी तालुक्याला लावा, असंही मी म्हणत नाही. पण ‘सिद्ध झालंय’ म्हणणाऱ्याने निदान एवढं काम करून दाखवावं.

गावातल्या शाळांच्या निकालांबद्दल थोडक्यात: वर्गात आठ मुलं असतील तर एक मूल तापाने परीक्षेला मुकलं की निकाल साडेबारा टक्क्यांनी खाली येतो. एका वर्षाच्या अशा आकड्यावरून बाईंची लायकी ठरवू नका.

एक गोष्ट मान्य करते. पाचवीतली उडी अवघड आहे. वर्षाच्या सुरुवातीला एखादं मूल भागाकार अचूक करतं आणि ‘रिमेंडर किती?’ विचारलं की गप्प बसतं. ‘बाकी किती?’ म्हटलं की लगेच उत्तर देतं. पालकांची भीती इथूनच येते, आणि ती खोटी नाही. म्हणून पहिलीपासून इंग्रजी हा विषय नीट शिकवा, चौथीत गणिताचे इंग्रजी शब्द ओळखीचे करून द्या. पण ते मूल गणितात कच्चं आहे, असा अर्थ काढू नका.

आणि शेवटचा मुद्दा, ज्याने माझा जीव खरा जळतो. मातृभाषेने म्हणे गोंधळ होतो! आमचा भाचा अंगणात कोकणी बोलतो, शाळेत मराठी, टीव्हीसमोर हिंदी. सहा वर्षांत त्याचा कधी गोंधळ झाला नाही. बहिणीचं इंग्रजी बेताचं आहे. ती आता त्याला ‘कम’, ‘ईट’, ‘स्लीप’ एवढंच म्हणते, कारण त्यापुढचं तिला सुचत नाही. पूर्वी रात्री जेवताना तो म्हादईचं पाणी पावसात लाल का होतं, वटवाघळं उलटी का लटकतात, असलं विचारायचा आणि ती सांगत बसायची. उद्या तो धडा वाचेल तेव्हा याच गप्पांतले शब्द त्याच्या कामी येणार आहेत, मग तो धडा कुठल्याही भाषेतला असो. आता तो विचारतच नाही. आजीशी बोलतानाही आधी आईकडे बघतो.

शाळा बदलायची की नाही, ते तिने आणि भावोजींनी ठरवावं, मी त्यात पडणार नाही. फोन ठेवताना तिला एवढंच म्हटलं, “आज रात्री जेवताना त्याच्याशी आपल्या भाषेत बोल.”