कुत्र्याने गवत खाल्लं म्हणून लसूण घालू नका प्लीज

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. कुत्रा गवत खातो म्हणजे पोट बिघडलंय आणि तो मुद्दाम उलटी काढतोय, अंगात व्हिटॅमिन कमी पडलेत, जंत झालेत, गवत विषारी असतं, लगेच लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून द्या. आणि शेवटी, कुत्र्याने गवत खाल्लं की पाऊस पडतो.

पोट बिघडलं म्हणून खातो, हे तर आमच्या चिमीला बघून कुणी बोलणारच नाही. रोज सकाळी कंपाउंडच्या भिंतीशी जाते, चार झुबके हुंगून सोडते, मग कोवळी हरळी दिसली की मान वाकडी करून दाढेने कराकरा तोडते, आणि घरी येऊन ताटलीभर जेवते. २००८ मध्ये अमेरिकेत डेव्हिसच्या युनिव्हर्सिटीतल्या व्हेट लोकांनी दीड हजारावर कुत्रेवाल्यांना विचारून सर्व्हे छापला होता. त्यात ६८ टक्के म्हणाले आमचा रोज नाहीतर आठवड्यातून एकदा तरी गवत किंवा झाडपाला खातो, खाण्याआधी आजारी वाटणारे फक्त ८ टक्के, आणि नेहमी उलटी करणारे २२. म्हणजे बहुतेक जण खातात आणि पचवून मोकळे होतात. जे आधीच मलूल होते त्यांना उलटी जास्त झाली हे खरं, पण त्यावरून सगळ्यांना आजारी ठरवायचं म्हणजे कमालच.

व्हिटॅमिनचं पण तसंच, त्या सर्व्हेत कुत्रा काय जेवतो आणि गवत किती खातो याचा काही संबंध सापडला नाही. हां, एका पूडलची केस नोंदलेली आहे, ७ वर्षं पाला खाऊन उलट्या करायचा आणि जेवणात फायबर वाढवल्यावर तीन दिवसांत थांबला, पण ती एका कुत्र्याची गोष्ट आहे.

जंतांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणून जरा थांबतो. लांडगेसुद्धा गवत खातात, त्यांच्या विष्ठेत ते न पचलेलं सापडतं. त्या सर्व्हेवाल्यांचा अंदाज असा की रानात या धाग्यांनी आतडं ढवळून जंत बाहेर पडत असतील आणि ती सवय आपल्या घरातल्यांमध्ये उतरली असेल. चिंपांझी पण खरखरीत पानं न चावता गिळतात, त्याचं कारण हेच सांगतात. पण अंदाज तो अंदाज, आणि आज गवत खाल्लं म्हणजे आज जंत आहेत असं काही नाही. जंताची गोळी वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून वेळच्या वेळी द्या, झालं.

लसूण मात्र अजिबात नाही!! कांदा-लसूण कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतो, आणि त्रास बऱ्याचदा दोन-चार दिवसांनी दिसतो, हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद, धाप, तोवर तुम्ही लसूण दिलेला विसरून गेलेले असता. किती दिला की बाधेल हे वजनावर असतं, त्यामुळे छोट्या कुत्र्याला तर नकोच नको.

आता विष. गवत विषारी नसतं, गवतावर मारलेलं असतं. तणनाशक, गोगलगाईंचं औषध, कोपऱ्यात टाकलेलं उंदरांचं औषध, यासाठी फवारणी कधी आहे ते माळीकाकांना विचारून ठेवा. कण्हेर आणि सायकस (ते पामसारखं दिसणारं शोभेचं झाड) शेजारीच लावलेले असतात, तिकडे तोंड घालू देऊ नका. पावसाळा संपला की कुसळं, ती हिरडीत नाहीतर नाकात रुततात. आणि साचलेल्या पाण्याजवळचं गवत नको, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) होतो.

अचानक अधाशासारखं ओरबाडायला लागला, सोबत जेवण बंद, जुलाब, तर दाखवा. पोट फुगलंय, उबळ येतेय पण बाहेर काहीच पडत नाही, तर रात्री दोन वाजले तरी दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका.

पावसाचं राहिलं. चिमी मे महिन्यात पण खाते, पाण्याच्या पाइपाखालचं ओलं बघून.