गाडीवरचं १८८६ आणि वरातीतली पाच कमी माणसं

नमस्कार ताई,

तुमच्या भावाच्या वरातीबद्दल तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत ते वाचलं. एकवीस वादक ठरले आणि सोळाच आले, बडोद्याच्या दांडिया बाजारात वरात चाळीस मिनिटं रखडली, क्लॅरिनेट बेसूर होतं आणि आमच्या बँडच्या गाडीवरचं 'गायकवाडी परंपरा, १८८६' ही निव्वळ थाप आहे.

आधी त्या पाच जणांचं. त्याच दिवशी ते मांडवीकडे दुसऱ्या वरघोड्यात, म्हणजे वरातीत, होते, वेळेत सुटतील असं मी धरून चाललो. त्यांच्यासाठीच तुम्हाला ताटकळत ठेवलं आणि ते शेवटपर्यंत आलेच नाहीत. मे महिन्यात एका मुहूर्तावर तीन-तीन सुपाऱ्या असतात, माणसं इकडची तिकडे करावी लागतात. पण पैसे मी एकवीसांचे घेतले होते. माणशी नऊशेप्रमाणे ४,५०० रुपये काल तुमच्या वडिलांच्या खात्यावर परत केले आहेत.

क्लॅरिनेटवाल्या काकांची बाजू मात्र मांडतो, ते चाळीस वर्षं वाजवताहेत. संध्याकाळी पाचचं ऊन. फुंकीची वाद्यं तापली की सूर चढतो, गाडीवरचा कॅसिओ कीबोर्ड मात्र आहे तिथेच राहतो. म्हणून कॅसिओवाल्याने अधूनमधून सूर मिळवून घ्यायचा असतो, त्याला बटण असतं. आमचा पोरगा मोबाइलमध्ये होता. तुमच्या कानाला जे खटकलं ते बरोबरच होतं, फक्त आळ काकांवर गेला.

आता १८८६. ते साल आमचं नव्हे, गायनशाळेचं आहे. सयाजीराव महाराजांनी उस्ताद मौलाबक्षांच्या हाती सोपवलेली, सूरसागर तलावासमोर आज युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे ना, तीच. माझे आजोबा तिथे शिकले नाहीत की राजवाड्याच्या बँडात नव्हते. ते लेथवर काम करायचे. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, त्यानंतर राजवाड्याच्या बँडातले एक क्लॅरिनेटवाले रावपुऱ्यात ओसरीवर शिकवणी घेत, त्यांच्याकडे आजोबा कामावरून सुटले की जायचे. गुरुजींनी लिहून दिलेली वही माझ्याकडे आहे. पेन्सिलीने आखलेल्या रेघा, वर सरगम, खाली कुठे श्वास घ्यायचा त्याच्या बारीक फुल्या. एक कोपरा वाळवीने खाल्लाय. परंपरा म्हणायची तर तेवढीच. सात माणसं जमवून आजोबांनी बँड काढला तो १९५८ मध्ये.

गाडी रंगवताना पुतण्याने १८८६ टाकलं. मी पाहिलं आणि गप्प बसलो, कारण जुनं साल पाहून गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं. खोटं कशाला बोलू.

पेंटर सोमवारी येतोय, '१९५८ पासून' एवढंच लिहायला सांगितलंय. कमाटी बागेतल्या बँडस्टँडचं चित्र तेवढं ठेवणार आहे. लहानपणी आजोबा त्याच्या कठड्याला टेकून बँड ऐकत उभे राहायचे, ते काही पुतण्याच्या डोक्यातून आलेलं नाही.